‘बेस वाढव’ म्हणजे नेमके काय? : खर्जाच्या तारेचा आणि पिकअपचा इतिहास

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी संतांवर, किल्ल्यांवर, सीमाभागाच्या इतिहासावर चांगले लेख येतात. यंदा मी जरा आडवाटेचा विषय घेतला आहे. विसर्जन मिरवणुकीत ‘गणपती बाप्पा मोरया’च्या खालोखाल कोणते वाक्य ऐकू येते, असे विचारले तर उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे : ‘अरे, बेस वाढव!’ आमच्या खटकचिंचोळीत ते ऐकू येते, भालकीत ऐकू येते, आणि पुण्या-मुंबईतही ऐकू येत असणार. पण हा बेस म्हणजे काय, तो कुठून आला, आणि वाढवायचा तर नेमके काय वाढवायचे, हे फारसे कोणी विचारत नाही. मी डिप्लोमा केलेला, तारा आणि कॉइल यांच्यात वावरणारा सरकारी नोकर आहे. संगीताचा पंडित नाही. त्यामुळे ही हकीकत मी तारेच्या बाजूने सांगणार आहे.

आपल्याकडे खालच्या सुराला जुना आणि सुंदर शब्द आहे : खर्ज. तंबोऱ्याच्या चार तारांतली शेवटची तार खर्जाची. गायकाचा षड्ज काळी एकचा असेल तर ही तार सेकंदाला सुमारे ६९ वेळा कंप पावते. म्हणजे तिची कंपनसंख्या ६९ हर्ट्‌झ. तार जाड, पितळेची किंवा ब्राँझची, आणि तिचा आवाज मोठा करायला खाली भोपळा. हुमनाबादजवळच्या माणिकनगरला श्री माणिकप्रभूंच्या काळापासून संगीताचा दरबार भरत आला आहे. तिथे किंवा आपल्या गावच्या भजनात ज्यांनी जुळलेला तंबोरा जवळून ऐकला आहे, त्यांना एक गोष्ट माहीत असेल. जवारी चांगली लागली की खर्जाच्या तारेतून षड्जाबरोबर गंधारही आपोआप ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

हा चमत्कार नव्हे. कोणतीही तार एकाच वेळी अनेक प्रकारे हलते. सगळी तार मिळून एक मोठी हेलकावणी घेते, तो मूळ स्वर. त्याच वेळी ती दोन भागांत, तीन भागांत, चार-पाच भागांतही हलत असते, आणि तिथून दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे उपस्वर निघतात. पाचपटीचा उपस्वर म्हणजे तो गंधार. खर्ज ओळखू येतो, गोड वाटतो, तो या उपस्वरांमुळे. पुढच्या साऱ्या इतिहासाची किल्ली याच गोष्टीत आहे.

पाश्चात्त्य वाद्यवृंदात खर्जाचे काम डबल बेस नावाचे माणसापेक्षा उंच वाद्य करी. आकार व्हायोलिनसारखा, पण उभे राहून वाजवायचे. त्याची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्‌झची, म्हणजे आपल्या तंबोऱ्याच्या खर्जापेक्षाही बरीच खाली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात ही वाद्ये प्रामुख्याने गोव्याच्या कलावंतांनी आणली. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांनी १९५१ साली ‘अलबेला’ला संगीत दिले, तेव्हा त्यांच्या सोबतीला ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते. अशा ताफ्यांत डबल बेस मागे उभा असे. पण ट्रम्पेट आणि ढोलाच्या गर्दीत त्याचा आवाज बुडून जाई. लाकडाची पेटी कितीही मोठी केली तरी तिला मर्यादा असतेच. मायक्रोफोन जवळ ठेवावा, तर शेजारचा ढोलही त्यात शिरतो.

यावर तोड निघाली ती लाकूड मोठे करून नव्हे, तर तारेखाली एक लहानशी डबी ठेवून. त्या डबीचे नाव पिकअप. आपल्याकडे पिकअप म्हटले की माल वाहणारी गाडी डोळ्यांसमोर येते. इथला पिकअप माल उचलत नाही, तारेची थरथर उचलतो.

त्याचे तत्त्व मायकेल फॅरडे यांनी १८३१ सालीच दाखवले होते. लोहचुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे वेढे घाला. जवळचे चुंबकीय क्षेत्र हलले की वेढ्यांत वीज निर्माण होते. गिटारची पोलादी तार चुंबकावर हलली की तशीच, तारेच्याच तालात नाचणारी, अगदी बारीक वीज तयार होते. ती अॅम्प्लिफायरने मोठी करून स्पीकरला द्यायची. आपल्या गावातल्या पंपाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या दुकानात जी लाख लावलेल्यासारखी चकचकीत तांब्याची तार दिसते, जातीने तीच तार इथे असते. फरक एवढाच की पिकअपची तार केसाइतकी बारीक, सुमारे ०.०६ मिलिमीटर, आणि वेढे हजारोंनी.

अशी पहिली यशस्वी विजेची गिटार १९३२ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसला विक्रीला आली. जॉर्ज बोशाँ आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांची ती अॅल्युमिनियमची, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार. गोल अंग आणि लांब दांडी यांमुळे लोकांनी तिला तळण्याचा तवा असे नाव ठेवले. खर्जाच्या वाद्याला पिकअप लावण्याची खटपटही लवकरच झाली. सिअॅटल शहरात पॉल टटमार्क यांनी १९३६ च्या सुमारास पडदे असलेला, आडवा धरायचा विजेचा बेस तयार केला होता. तो फारसा खपला नाही आणि विस्मरणात गेला.

इथे आपल्या घरचे एक उदाहरण सांगितले पाहिजे. मिरवणुकीतल्या ‘बेंजो पार्टी’चा बेंजो म्हणजे अमेरिकन बँजो नव्हे. तो बुलबुलतरंग. जपानमध्ये नागोया इथे मोरिता गोरो यांनी १९१२ साली टाइपरायटरसारख्या कळा असलेले तैशोगोतो नावाचे तंतुवाद्य बनवले, त्याचे हे आपल्याकडचे रूप. मूळ आवाज अगदी किरकोळ, घरातल्या घरात वाजवण्यापुरता. मुंबई-कोकणातल्या वादकांनी त्याला पिकअप जोडला आणि तेच वाद्य ढोल-ताशांच्या बरोबरीने रस्त्यावर उभे राहिले. त्याच्या तारा पोलादी असल्यामुळे हे जमले. तंबोऱ्याच्या पितळी खर्जाखाली असा चुंबकाचा पिकअप ठेवला तर तो जवळजवळ मुकाच राहतो, कारण पितळ चुंबकाला दाद देत नाही. त्यासाठी लाकडाची थरथर टिपणारी वेगळी चकती चिकटवावी लागते. क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवलेल्या स्फटिकाच्या गुणधर्मावर ती चालते.

आता मुख्य वळण. ज्या वर्षी आपल्याकडे ‘अलबेला’ आला, त्याच १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी ‘प्रिसिजन बेस’ विक्रीस काढला. पडदे असल्यामुळे सूर नेमका लागतो, म्हणून प्रिसिजन. गळ्यात अडकवायचा आणि एका हाताने उचलून नेता येईल असा. डबल बेस वाहून नेणाऱ्यांचे हाल ज्यांनी पाहिले असतील त्यांनाच याची किंमत कळेल. पहिल्या नमुन्यात प्रत्येक तारेखाली एकेक चुंबक होता. १९५७ साली त्यांनी पिकअपचे दोन तुकडे केले : एक तुकडा दोन जाड तारांखाली, दुसरा दोन बारीक तारांखाली, आणि प्रत्येक तारेला दोन चुंबक. १९६० साली त्यांचाच ‘जॅझ बेस’ आला. त्यात दोन लांबट पिकअप, एक दांडीच्या बाजूला आणि एक घोडीजवळ. वादकाने दोन बटणे फिरवून दोघांचे मिश्रण करायचे.

दुसरीकडे गिब्सन कंपनीत सेथ लव्हर या तंत्रज्ञाने १९५५ साली हमबकर पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला. शेजारी शेजारी दोन कॉइल, उलट दिशेने जोडलेल्या. तारेचा आवाज दोन्हींत मिळून वाढतो आणि बाहेरून आलेली विजेची घूंघूं दोन्हींत एकमेकींना मारते. गिब्सनच्या १९५९ च्या बेसमध्ये असा मोठा पिकअप थेट दांडीला चिकटून बसवला होता. त्याचा आवाज इतका जाड आणि गढूळ की पुढे वादकांनी त्याच्या नावात चिखलच घातला. जर्मनीच्या हॉफनर कंपनीचा व्हायोलिनच्या आकाराचा हलका, पोकळ बेस १९६१ साली पॉल मॅकार्टनी यांनी हॅम्बर्गला घेतला आणि तो जगभर ओळखीचा झाला. फेंडर कंपनी विकून झाल्यावर लिओ फेंडर यांनी म्युझिक मॅन कंपनीसाठी केलेला ‘स्टिंगरे’ १९७६ साली आला. त्यात घोडीकडे सरकलेला दुहेरी कॉइलचा पिकअप आणि आत बॅटरीवर चालणारा लहान अॅम्प्लिफायर होता.

इतकी नावे ऐकल्यावर साहजिक प्रश्न येतो : यांच्या आवाजात खरोखर फरक आहे का, की हा फक्त दुकानदारांचा प्रचार? गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारी दोन मुले आली होती. एकाकडे दोन तुकड्यांच्या पिकअपचा बेस, दुसऱ्याकडे दोन लांबट पिकअपचा. दोन्ही अर्थात नकला, पण रचना अस्सल. आम्ही दोन्ही एकाच अॅम्प्लिफायरला, एकाच वायरने जोडले. वाजवायला एकच मुलगा, तीच बोटे, तीच ओळ. ऐकणाऱ्यांनी पाठ फिरवून बसायचे.

दोन तुकड्यांच्या पिकअपचा आवाज भरीव, मध्ये ठसका असलेला. ढोलकीबरोबर वाजवला तरी हरवेना. लांबट जोडीपैकी फक्त दांडीकडचा उघडला तर आवाज गोल आणि मऊ. फक्त घोडीजवळचा उघडला तर तीच तार नाकात बोलल्यासारखी, पण प्रत्येक स्वर सुटा सुटा. दोन्ही पूर्ण उघडले तर मधला भाग थोडा बसतो आणि आवाज स्वच्छ, चकचकीत होतो. माझ्या शेजारी बसलेले भजनी मंडळातले काका, ज्यांनी बेस गिटार जन्मात हातात धरली नाही, त्यांनी चारही वेळा फरक अचूक सांगितला.

कारण साधे आहे. तंबोरा मध्याच्या आसपास छेडला तर गोल वाजतो, घोडीजवळ छेडला तर करकरीत. छेडण्याची जागा बदलली की उपस्वरांचे प्रमाण बदलते. पिकअपचे तेच, फक्त तो छेडत नाही, ऐकतो. तारेच्या मधल्या अंगाला मोठी हेलकावणी असते, म्हणून दांडीकडच्या पिकअपला मूळ स्वर भरपूर मिळतो. घोडीजवळ ती हेलकावणी लहान होते आणि उपस्वर पुढे येतात. मोकळ्या तारेच्या बरोबर चौथाईवर पिकअप ठेवला तर चौपटीचा उपस्वर त्याला ऐकूच येत नाही, कारण त्या जागी तो उपस्वर स्थिर असतो. म्हणजे कंपनीच्या नावापेक्षा पिकअप कुठे बसला आहे हे आधी पाहावे.

दुसरे कारण वेढ्यांचे. वेढे वाढवले की आवाज मोठा होतो, पण वरचे उपस्वर कापले जातात आणि आवाज मंद होतो. तिसरे कारण तारा. चपट्या पट्टीने गुंडाळलेली तार घुमटासारखी घुमते. गोल तारेने गुंडाळलेली खणखणते. माझ्या मते सामान्य वादकाने पिकअप बदलण्याआधी तारा बदलून पाहाव्यात. खर्च कमी आणि फरक जास्त.

आमच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट उघडी पडली, ती खास आपल्या देशाची. लांबट जोडीतला एकच पिकअप उघडला की घूं असा आवाज येई. दोन्ही उघडले की गायब. मुलगा जागेवर वळला की तो कमी-जास्त होई. ही आपल्या घरातली वीज. आपल्याकडे ती सेकंदाला ५० आवर्तनांची, अमेरिकेत ६० ची. बेसच्या खालच्या तारेवर तिसऱ्या पडद्यावरचा स्वर ४९ हर्ट्‌झचा आहे. म्हणजे आपल्याकडे ही घूंघूं बरोबर बेसच्या खर्जात येऊन बसते आणि स्वरच असल्याचे सोंग घेते. म्हणून दोन तुकड्यांचे, जोडीचे किंवा हमबकर पिकअप मंडपात जास्त उपयोगी. ट्यूबलाइट, रोषणाईची तोरणे, डिमर, जनरेटर हे सगळे त्या घूंघूंचे सोबती.

इथे माझ्या खात्याबाहेरची, पण जिवाची गोष्ट. मंडपात घूंघूं येऊ लागली की काही साउंडवाले अॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. आवाज कधीकधी जातोही. पण गिटारच्या तारा अॅम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीला आतून जोडलेल्या असतात. पेटीत वीज उतरली आणि अर्थिंग नसेल, तर ती वादकाच्या बोटांतून आणि समोरच्या माइकला लागलेल्या ओठांतून जाते. ओल्या भाद्रपदात तर जास्तच. आपल्या मंडळाच्या कार्यकर्त्यांनी एवढे एक तरी पाहावे : पिन शाबूत असावी, अर्थिंग तपासलेले असावे. घूंघूं पिकअपने आणि चांगल्या वायरने घालवायची असते.

पिकअपची तुलना करताना एक सापळा सांभाळावा लागतो. दोनपैकी जो आवाज किंचित मोठा, तोच आपल्या कानाला चांगला वाटतो. त्यातून खर्जाच्या बाबतीत कान फारच पक्षपाती आहे. अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिले की हळू आवाजात कानाला खालचे स्वर फार कमी ऐकू येतात आणि आवाज वाढवला की ते झपाट्याने वाढल्यासारखे वाटतात. म्हणून तुलना करताना दोन्हींचा मोठेपणा आधी सारखा करून घ्यावा. ‘बेस वाढव’ या आरोळीचे मूळही इथेच आहे. आवाज वाढतो, आणि आपल्याला वाटते खर्ज सुधारला.

आपल्या पिढीला बेस कसा ऐकू आला, हेही आठवून पाहा. रेडिओ सिलोनची बिनाका गीतमाला १९५२ पासून, विविध भारती १९५७ पासून. घरात होता तो लहान ट्रान्झिस्टर. त्याचा स्पीकर वाटीएवढा. ४१ हर्ट्‌झ त्याच्या ताकदीबाहेर. तरी आपल्याला बेस ऐकू येत होता, कारण उपस्वर ऐकू आले की मेंदू खालचा मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. डबल बेसचा गोल आवाज अशा रेडिओत विरून जाई. पिकअपच्या बेसचे ठसठशीत उपस्वर वाटीएवढ्या स्पीकरमधूनही बाहेर येत. टोनी वाझ आणि चरणजित सिंग यांच्यासारख्या मुंबईच्या वादकांनी साठ-सत्तरच्या दशकांत राहुल देव बर्मन आणि इतरांच्या गाण्यांत वाजवलेला बेस आपल्या खेड्यापाड्यांत पोचला तो असा. गाणे पाठ, गायक पाठ, संगीतकार पाठ. बेसवाल्याचे नाव मात्र कोणाला ठाऊक नाही.

यातल्या चरणजित सिंग यांची गोष्ट विलक्षण आहे. रोलँड या जपानी कंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला टीबी-३०३ नावाचे एक लहान यंत्र काढले. हेतू सरळ होता : बेस वाजवणारा माणूस नसेल तर त्याच्या जागी हे यंत्र. आणि ते घेणाऱ्यांत होते कोण? आयुष्यभर बेस वाजवलेले चरणजित सिंग. त्यांनी त्यावर रागांचे स्वर चढवून १९८२ साली डिस्को ठेक्यावर दहा रागांची ध्वनिमुद्रिका काढली. तेव्हा ती कोणी फारशी घेतली नाही; २०१० साली परदेशातून ती पुन्हा निघाली आणि जगभरच्या नव्या संगीतकारांनी कान टवकारले. माणसाला हटवण्यासाठी केलेल्या यंत्रात त्या माणसाने आपले कान ओतले, म्हणून ते यंत्र बोलले.

आज आपल्या भागात उलटे चालले आहे. ऑर्केस्ट्राचे पैसे कमी करायचे ठरले की सर्वांत आधी बेसवाला मुलगा कमी होतो. कीबोर्डवाला डाव्या हाताने काम भागवतो. पुढच्या वर्षी ऑर्केस्ट्राच जातो आणि ट्रॉलीवर डीजेची भिंत येते. त्या भिंतीतून जे येते त्यात ४०-५० हर्ट्‌झचा दणका असतो, तार नसते. खिडक्या वाजतात, छाती हलते, पण गुणगुणता येईल असा एक स्वर त्यातून हाती लागत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. तिच्यासाठी आवाज ज्या पट्टीने मोजतात, ती पट्टी ५० हर्ट्‌झचा आवाज सुमारे ३० डेसिबलने कमी धरते. म्हणजे मीटरवर जो आकडा दिसतो, त्यापेक्षा म्हाताऱ्यांच्या आणि तान्ह्या मुलांच्या छातीवर पडणारा भार कितीतरी जास्त असतो.

मी डीजेबंदीचा अर्ज घेऊन आलेलो नाही. बेसवाला मुलगा गेला तरी आपल्याला कळत नाही, कारण त्याचा आवाज ओळखायला आपण शिकलोच नाही, एवढेच मला म्हणायचे आहे. खर्ज म्हणजे नुसता दणका नव्हे. त्यातले उपस्वर ऐकू आले तर तो खर्ज. तंबोऱ्याच्या गंधाराने आपल्या आजोबांना हे शिकवले होते, आणि लिओ फेंडर यांच्या डबीनेही तेच सांगितले.

म्हणून मंडळाला एक सूचना. यंदाच्या दहा दिवसांत एक संध्याकाळ वाद्यांची ठेवावी. सुरुवातीला बेसवाल्याला एकट्याला दोन मिनिटे द्यावीत. त्याने एकच ओळ दांडीकडच्या पिकअपवर, मग घोडीकडच्या, मग दोन्हींवर वाजवावी, आवाज सारखा ठेवून. शेजारी कोणी तंबोरा लावून बसले तर फारच उत्तम. मुलांनी डोळे मिटून फरक ओळखावा. त्यानंतर मिरवणुकीत कोणी ‘बेस वाढव’ म्हणाले, तर त्याला विचारता येईल : कुठला?